लिटल वॉल्टरचं 'बेस्ट ऑफ': ऐकायला सुरुवात कुठून करू, आणि हा आवाज खरंच माउथ ऑर्गनचा आहे का?

नादखुळा_सांगली:

नमस्कार मंडळी. मी बरीच वर्षं माउथ ऑर्गन वाजवतो, म्हणजे आपल्याकडे सगळे वाजवतात तोच, ट्रेमोलोवाला, वरखाली भोकांच्या दोन ओळी असतात तो. जुनी हिंदी गाणी वाजवतो, 'दोस्ती'तली (त्यात आरडीनं स्वतः वाजवलंय हे कळलं तेव्हापासून तर जास्तच), 'शोले'तली जयची धून, गणपतीत कॉलनीच्या स्टेजवर दोनतीन गाणी होतात, लोकांना आवडतं. हे सांगायचं कारण म्हणजे वाद्य मला नवीन नाही.

तर झालं असं की शिकागो ब्लूजमधल्या (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, त्याची ही शिकागोतली शैली) लिटल वॉल्टरचं 'ज्यूक' कानावर पडलं. इन्स्ट्रुमेंटल आहे, गाणं नाही. पहिल्यांदा मला वाटलं सॅक्सोफोन आहे, मग वाटलं की काहीतरी इलेक्ट्रिक बाजा आहे, आणि शेवटी कळलं की हे हातात मावणारं दहा भोकांचं हार्मोनिका आहे!! त्यानंतर 'द बेस्ट ऑफ लिटल वॉल्टर' हा अख्खा अल्बम शोधून ऐकला, बारा गाणी आहेत, बहुतेक सगळी तीन मिनिटांच्या आसपास संपतात. काही गाणी एकदम भिडली, 'सॅड अवर्स' तर रात्री लावलं आणि परत परत लावलं. पण खरं सांगतो, चारपाच गाणी मला पहिल्या ऐकण्यात सारखीच वाटली, चाल तीच, ठेका तोच, आणि हे माझ्या कानाचं अपुरेपण आहे की खरंच तसंच आहे ते कळेना.

शिवाय नेटवर त्याचे तीनचार वेगवेगळे संग्रह दिसतात, एक वीस गाण्यांचा, एक दोन सीडींचा, एक चक्क पाच सीडींचा. जाणकारांनी सांगा की कुठला घ्यावा आणि ऐकताना नक्की कशाकडे लक्ष द्यावं. आणि दुसरा प्रश्न, तो आवाज तो काढतो कसा? माझ्या ट्रेमोलोवर मी खूप प्रयत्न केला पण ते सूर खाली ओढल्यासारखे जातात ना, ते काही केल्या येत नाही.

---

बारा_बार:

वा, या माणसावर धागा आला याचा फार आनंद झाला. मी गिटारवाला आहे, हार्मोनिका वाजवत नाही, पण हा अल्बम माझ्याकडे तबकडीपासून फाईलपर्यंत सगळ्या रूपांत आहे त्यामुळे संग्रहाबद्दल मी बोलतो, वाद्याबद्दल दुसरं कोणीतरी बोलेलच.

आधी हे डोक्यात घ्या की हा अल्बम म्हणून रेकॉर्ड झालेलाच नाही. शिकागोच्या चेस कंपनीचं चेकर म्हणून एक दुसरं लेबल होतं, त्यावर याच्या सिंगल, म्हणजे ७८ नाहीतर ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकड्या यायच्या, दोन बाजूंना दोन गाणी, दारूच्या बारमधल्या ज्यूकबॉक्ससाठी (नाणं टाकून गाणी वाजवायचं मशीन) आणि रेडिओसाठी. मे १९५२ ते जानेवारी १९५५ एवढ्या काळातल्या अशा बारा बाजू उचलून पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात ही एलपी (मोठी तबकडी) काढली, त्याच सुमाराला मडी वॉटर्सची (शिकागो ब्लूजचा मोठा गायक-गिटारवाला) 'बेस्ट ऑफ' पण आली. म्हणजे पूर्ण तीन वर्षंसुद्धा नाहीत! एवढ्यात त्या माणसानं एवढं काम केलं की पुढचे सगळे हार्मोनिकावाले आजतागायत त्यातूनच शिकतायत. रोलिंग स्टोन मासिकानं २००३ साली सर्वोत्तम ५०० अल्बमची यादी केली त्यात ही एलपी १९८व्या नंबरवर होती, पन्नासच्या दशकातला ज्यूकबॉक्सचा माल पन्नास वर्षांनी त्या यादीत बसतो यातच काय ते समजा.

आता तुमचा "सारखंच वाटतं" हा मुद्दा. वाटणारच, आणि कानाचा काही दोष नाही. बहुतेक गाणी बारा बारच्या साच्यात आहेत, बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा. तुम्ही सूरवाले आहात म्हणून सारेगमत सांगतो: पहिले चार बार सा च्या कॉर्डवर, मग दोन बार म वर, परत दोन सा वर, मग एक बार प, एक बार म, आणि शेवटचे दोन बार सा वर येऊन परत पहिल्यापासून. झालं, हे चक्र फिरत राहतं. हे एकदा बोटावर मोजता यायला लागलं ना की मग चाल ऐकायची नाही, त्या चक्रात हा माणूस दर वेळी काय नवीन करतो ते ऐकायचं. तबल्यावर तीनताल सगळेच वाजवतात पण म्हणून सगळे कायदे सारखे वाटत नाहीत ना आपल्याला, तसंच हे.

आणि क्रम बदलून ऐका. एलपी 'माय बेब'नं सुरू होते कारण ते सगळ्यात मोठं गाणं होतं, पण कळायला सोपं पडावं म्हणून मी नेहमी सांगतो की रेकॉर्डिंगच्या काळाप्रमाणे लावा. आधी 'ज्यूक' आणि त्याच दिवशी केलेलं 'कान्ट होल्ड आउट मच लॉंगर', १२ मे १९५२. त्या दिवशी तो अजून मडी वॉटर्सच्या बँडमधला पोरगा होता, गिटारवर स्वतः मडी आणि जिमी रॉजर्स आहेत, आणि 'ज्यूक' ही मुळात त्यांच्या बँडची स्टेजवरची धून, कार्यक्रमात मध्येच वाजवायची. ती बिलबोर्ड मासिकाच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या यादीत आठ आठवडे एक नंबरवर बसली. हार्मोनिकाचं इन्स्ट्रुमेंटल त्या यादीत एक नंबरला गेलं ते तेवढं एकदाच, त्याच्या आधी नाही आणि नंतरही नाही.

मग 'मीन ओल्ड वर्ल्ड', 'सॅड अवर्स', 'टेल मी मामा', 'ऑफ द वॉल'. इथे बँड बदललाय ते लगेच कळेल. 'ज्यूक' गाजल्यावर त्यानं मडीला सोडलं आणि एसेस नावाच्या पोरांना घेतलं, लुई मायर्स आणि डेव्ह मायर्स हे दोघं भाऊ गिटारवर आणि फ्रेड बिलो ड्रमवर. (एसेसकडे आधी ज्युनियर वेल्स हार्मोनिका वाजवायचा, तो मडीकडे गेला, म्हणजे सरळ अदलाबदलीच झाली.) यांच्याकडे बेस वाजवणारा नव्हता. डेव्ह मायर्स गिटारच्याच खालच्या तारांवर बेसच्या ओळी वाजवायचा. 'ऑफ द वॉल' हेडफोन लावून ऐका, हार्मोनिकाकडे मुद्दाम दुर्लक्ष करा आणि फक्त ती खालची गिटार आणि बिलोचा ड्रम ऐका. बिलो जॅझ शिकलेला होता, त्याचा ठेका जमिनीवर टेकतच नाही, सारखा पुढे ढकलत असतो, आणि वॉल्टरला जे उडता येतं ते या तिघांमुळे. मला विचाराल तर या एलपीचं खरं वैभव हे आहे, एकटा हार्मोनिकावाला नाही, चार माणसं एकमेकांचं ऐकत वाजवतायत.

संग्रह कुठला घ्यायचा याचं माझं उत्तर साधं आहे. हा बारा गाण्यांचाच घ्या आणि महिनाभर दुसरं काही लावू नका.

---

सूरसंगत:

@नादखुळा_सांगली दादा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. मी डायटॉनिक शिकवते त्यामुळे हा प्रश्न मला दर बॅचला येतो, आणि बहुतेक जण तुमच्यासारखे ट्रेमोलोवरून आलेले असतात.

ट्रेमोलोवर ते होणार नाही, कितीही प्रयत्न केलात तरी. त्यात प्रत्येक सुराला दोन रीड (धातूच्या पातळ पट्ट्या) असतात आणि त्या एकमेकींपासून किंचित वेगळ्या लावलेल्या असतात, म्हणून तो थरथरता गोड आवाज येतो जो 'दोस्ती'सारख्या गाण्यांना शोभतो. पण तिथे प्रत्येक रीडला स्वतःचं वेगळं खोपटं असतं. वॉल्टरच्या हातात जे होतं ते दहा भोकांचं डायटॉनिक, एका भोकात एकाच पोकळीत दोन रीड, एक फुंकल्यावर वाजणारी आणि एक ओढल्यावर. आता गंमत अशी की तुम्ही श्वास आत ओढताना जीभ मागे घेऊन तोंडातली पोकळी बदलली की ओढायच्या रीडचा सूर खाली उतरायला लागतो आणि तो फुंकायच्या रीडच्या जवळ जातो, आणि अर्ध्या वाटेवर ती दुसरी रीडसुद्धा कामाला लागते. दोन्ही रीड एका खोलीत असल्याशिवाय हे घडत नाही. याला बेंड म्हणतात.

कुठल्या भोकात किती उतरेल हे त्या भोकातल्या दोन सुरांमध्ये किती अंतर आहे त्यावर ठरतं. सी कीच्या, म्हणजे सी पट्टीच्या वाद्यावर तिसऱ्या भोकात फुंकलं की जी आणि ओढलं की बी, मध्ये तीन सूर बसतात, ते तिन्ही बेंडनं निघतात. दुसऱ्यात दोन, पहिल्यात, चौथ्यात आणि सहाव्यात एकेक. वरच्या आठ, नऊ, दहामध्ये उलटं, तिथे फुंकून बेंड करायचं.

आता ब्लूज का जमतो ते बघा. हे वाद्य जर्मनीत बनलं ते साध्या लोकगीतांसाठी, सी कीचं वाद्य सी मध्येच वाजवायचं, फुंकीवर जोर. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी ते उलटं केलं, सी च्या वाद्यावर जी ला सा धरला आणि सगळा जोर ओढण्यावर टाकला. याला क्रॉस हार्प किंवा सेकंड पोझिशन म्हणतात. असं धरलं की दुसऱ्या भोकातली ओढ म्हणजे सा, चौथ्यातली ओढ म्हणजे प, पाचव्यातल्या ओढीत फुकटात कोमल नी मिळतो, चौथं बेंड केलं की तीव्र म, आणि तिसऱ्यात शुद्ध ग बेंड करत कोमल ग कडे जाता येतं. आणि जाता येतं म्हणजे पोचायलाच पाहिजे असं नाही! ब्लूजचा जो ग आहे तो कोमल आणि शुद्धच्या मधे कुठेतरी हिंडत असतो, वॉल्टर तो प्रत्येक वेळी वेगळ्या उंचीवर ठेवतो, दुःखाच्या गाण्यात जरा खाली, नाचाच्या गाण्यात जरा वर. आपल्या कानाला हे समजायला अजिबात जड जाऊ नये, आपण मींड ऐकत मोठे झालोय.

'ब्लूज विथ अ फीलिंग' घ्या आणि त्यातला एकेक ग नीट ऐका. माझ्या मते या एलपीतलं ते सगळ्यात जास्त शिकवणारं गाणं आहे. गातो तसाच वाजवतो आणि वाजवतो तसाच गातो, गाण्याची ओळ संपते तिथे हार्मोनिका बोलायला लागते आणि तीही घाईनं नाही. नवीन पोरं सगळी मोकळी जागा भरून टाकतात. हा नाही भरत.

अजून एक, वॉल्टर बहुतेक वेळा जीभ भोकांवर ठेवून वाजवायचा, टंग ब्लॉकिंग. जिभेनं मधली भोकं बंद आणि दोन्ही बाजूंची उघडी, असं केलं की एकाच वेळी खालचा आणि वरचा सूर मिळतो, सप्तकाची जोडी. तुम्हाला जो सॅक्सोफोनसारखा जाडपणा वाटला त्यातला बराचसा हा आहे. आणि सॅक्स वाटणं बरोबरच आहे, तो लुई जॉर्डन या सॅक्स वाजवणाऱ्या गायकाच्या रेकॉर्ड ऐकून त्यातल्या सॅक्सच्या ओळी हार्मोनिकावर बसवायचा.

---

जुनी_तबकडी:

वरच्या दोघांचं सगळं पटलं पण @बारा_बार, "महिनाभर दुसरं काही लावू नका" याला माझा ठाम विरोध आहे.

बारा गाण्यांची ती एलपी १९५५ला थांबते. त्यानंतरचा वॉल्टर त्यात नाहीच. 'रोलर कोस्टर' नाही, त्यात गिटारवर बो डिडली आहे आणि वॉल्टर असा काही सुटलाय की ऐकताना उभं राहावं लागतं. 'की टू द हायवे' नाही, ते १९५८चं, बिग बिल ब्रून्झी या जुन्या ब्लूज गायकामुळे माहीत झालेलं गाणं, आणि त्यात वॉल्टरचा गळा इतका पिकलेला आहे की 'ज्यूक'च्या दिवशीचं त्याचं गाणं त्यापुढे अगदी कोवळं वाटतं. हे सोडून तुम्ही त्या माणसाला ओळखलं असं कसं म्हणायचं?

माझा सल्ला, १९९३ साली चेसनं काढलेला दोन सीडींचा 'द इसेन्शियल लिटल वॉल्टर' घ्या. एलपीतलं सगळं त्यात येतं आणि पुढचंही येतं. पाच सीडींचा 'कम्प्लीट चेस मास्टर्स' (२००९चा, त्याला ऐतिहासिक अल्बमचं ग्रॅमी मिळालं) नंतर घ्या, त्यात एकाच गाण्याचे दोनदोन तीनतीन टेक (वेगवेगळ्या वेळी केलेली रेकॉर्डिंग) आहेत, आणि तिथे कळतं की हा माणूस पाठ करून येत नव्हता, दर टेकला सोलो वेगळा.

आणि अजून एक गोष्ट जी वर कोणी बोललं नाही. वॉल्टरचं निम्मं मोठेपण त्याच्या स्वतःच्या नावावर नाहीच आहे, ते मडी वॉटर्सच्या रेकॉर्डवर आहे. बँड सोडल्यावरसुद्धा मडीच्या रेकॉर्डिंगला त्याला बोलवायचे. 'हूची कूची मॅन' १९५४चं, त्यात हार्मोनिका वॉल्टरचीच आहे. 'लॉंग डिस्टन्स कॉल' ऐका, १९५१. स्वतःच्या गाण्यात तो राजा असतो, पण मडी गातोय आणि हा मागे उभा राहून त्याच्या शब्दांच्या फटीत एकेक सूर ठेवतोय, ती साथ मला त्याच्या सोलोपेक्षा मोठी वाटते. २००८ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं ते साईडमन, म्हणजे साथीदार वादक म्हणून घेतलं, काही लोकांना ते कमीपणाचं वाटलं, मला नाही वाटलं.

---

मिशिगन_लेक:

मी शिकागोत राहते, बावीसएक वर्षं झाली असतील. मला वाजवता येत नाही पण या माणसाच्या मागे मी बरीच फिरलेय म्हणून थोडं लिहिते.

तो लुइझियानातल्या मार्क्सव्हिलचा. जन्म १ मे १९३० असं सगळीकडे छापलेलं असतं. लहानपणीच घर सोडलं, न्यू ऑर्लीन्स, मेम्फिस, हेलेना, सेंट लुई असं वाजवत वाजवत शिकागोला आला, आणि इथे मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात रस्त्यावर वाजवायला लागला. हा रविवारचा बाजार होता, जुने कपडे, हत्यारं, भाज्या, सगळं, आणि मिसिसिपीकडून कामाला आलेल्या लोकांची तुफान गर्दी. त्या आरडाओरड्यात हार्मोनिका कोणाला ऐकू येणार? गिटारवाले ॲम्प (आवाज वाढवायचं मशीन) लावायला लागले होते, आजूबाजूच्या दुकानातून नाहीतर घरातून वायर ओढून. मग हार्मोनिकावाल्याला दोनच रस्ते, एकतर गप्प बसायचं नाहीतर माईक हातात घ्यायचा. वॉल्टरनं स्वस्तातला माईक हार्मोनिकाबरोबर दोन्ही तळहातांत घट्ट दाबून धरला आणि गिटारच्या ॲम्पमध्ये घातला.

म्हणून मला वाटतं की त्याचा आवाज समजायचा असेल तर आधी १९४७ची रेकॉर्ड ऐकावी. मॅक्सवेल स्ट्रीटवरच्याच एका रेडिओ-रेकॉर्डच्या दुकानदारानं ओरा नेल नावाचं छोटंसं लेबल काढलं होतं, त्यावर वॉल्टरचं 'आय जस्ट कीप लव्हिंग हर' आहे. साधी हार्मोनिका, ॲम्प नाही, आणि त्यात स्पष्ट ऐकू येतो तो पहिला सनी बॉय विल्यमसन (त्या नावाचे दोन हार्मोनिकावाले होते), ज्याची सगळे तेव्हा नक्कल करायचे. त्यानंतर १९५१चं मडीचं 'कंट्री बॉय', ज्यात वॉल्टर पहिल्यांदा रेकॉर्डवर ॲम्पमधून वाजवतो असं मानतात. आणि मग लगेच 'ज्यूक'. या तिन्हींमधलं अंतर जेमतेम पाच वर्षांचं. तीन गाणी ओळीनं लावा म्हणजे एका वाद्याचं रूप तुमच्या डोळ्यादेखत पालटतं.

तो जुना बाजार आता नाही. विद्यापीठाच्या विस्तारात १९९४ला तो तिथून हलवला आणि जुन्या इमारती पाडल्या. दक्षिण मिशिगन ॲव्हेन्यूवरची २१२० नंबरची चेसची इमारत आहे अजून, तिथे चेसचा गीतकार आणि बेसवाला विली डिक्सनच्या नावाची संस्था आहे, बघायला जाता येतं. पण एक सांगते, या एलपीतलं एकही गाणं त्या इमारतीत झालेलं नाही. चेसवाले तिथे गेले १९५७ला, आणि ही गाणी त्याआधीची.

विली डिक्सनवरून आठवलं, 'माय बेब' त्यानंच लिहिलं. चाल घेतली 'धिस ट्रेन' या चर्चमधल्या गाण्यावरून. देवाच्या गाडीचं गाणं उचलून बाईमाणसाचं केलं! रे चार्ल्सही त्याच सुमाराला हेच करत होता. १९५५ला 'माय बेब' पाच आठवडे एक नंबरवर होतं.

शेवट मात्र वाईट झाला. दारू, मारामाऱ्या, अंगावर वण, पैसे राहिले नाहीत. १५ फेब्रुवारी १९६८ला गेला, आदल्या रात्रीच्या एका मारामारीनंतर झोपेतच, छापलेली जन्मतारीख धरली तर वय सदतीस. एव्हरग्रीन पार्कच्या सेंट मेरीज दफनभूमीत पुरलं आणि १९९१पर्यंत त्या जागेवर दगडसुद्धा नव्हता. ज्या माणसाची रेकॉर्ड दोनदा देशात एक नंबरला गेली त्याच्या थडग्यावर तेवीस वर्षं नाव नाही. मला याचा आजही राग येतो.

---

नादखुळा_सांगली:

किती छान लिहिलंत सगळ्यांनी, मी दोन दिवस नुसतं वाचतोय आणि ऐकतोय. @मिशिगन_लेक ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे ती तीन गाणी ओळीनं लावली, 'कंट्री बॉय'ला थांबून परत मागे गेलो. @बारा_बार, बारा बार बोटांवर मोजायला शिकलो, आता 'यू बेटर वॉच युअरसेल्फ' आणि 'टेल मी मामा' मला वेगळी ऐकू येतात, आधी नव्हती येत. 'ऑफ द वॉल'मधली खालची गिटार तर आता कानातून जातच नाहीये.

ताई @सूरसंगत, डायटॉनिक मागवतो. पण कुठल्या कीचं? आणि तो माईकचा आवाज मला घरी काढता येईल का, की त्याला जुनी महागडी मशीन लागतात? 'ब्लू लाइट्स'मध्ये जो गुहेतून आल्यासारखा आवाज आहे तो पण सांगा.

---

बारा_बार:

ॲम्पचं मी सांगतो. महागडं काही नको. लोक ज्या माईकच्या मागे लागतात, ॲस्टॅटिकचा जेटी-३० नाहीतर शुअरचा ग्रीन बुलेट, ते त्या काळचे अनाउन्समेंटचे नाहीतर वायरलेसवर बोलायचे माईक होते, गाण्यासाठी चांगले मानलेच जायचे नाहीत. त्यांच्यात खर्ज आणि तीप दोन्ही कमी, मधला भाग तेवढा पुढे. असा माईक हार्मोनिकासकट मुठीत बंद केला की हवा कोंडते, सूर दाबला जातो, आणि पुढे छोटा ट्यूबचा ॲम्प त्याच्या ताकदीपलीकडे लावला की तो सूर फाटायला लागतो. फाटला पाहिजे पण विरता कामा नये, ती मजा आहे. हात जरा उघडला की आवाज साफ होतो, परत मिटला की जाड. म्हणजे हात हाच त्याचा व्हॉल्यूम आणि हात हाच टोन. पाच वॉटचा ट्यूब ॲम्प घरात पुरून उरतो. फक्त जास्त वाढवलात तर शिट्टी मारेल, तेव्हा माईक ॲम्पकडे तोंड करून धरू नका.

'ब्लू लाइट्स'ची गुहा ही स्टुडिओतल्या एकोची करामत आहे, आणि त्यात तो एकच हार्मोनिका वापरत नाही, गाण्यातच बदलतो, म्हणून मधे एकदम रंग पालटल्यासारखा वाटतो.

@जुनी_तबकडी, 'की टू द हायवे'बद्दल शंभर टक्के मान्य, माझ्याही आवडीचं आहे. पण नवीन माणसाला दोन सीडींची सेहेचाळीस गाणी एकदम दिली की तो दहाव्या गाण्यानंतर ऐकायचं थांबवतो आणि नुसतं वाजत ठेवतो. बारा गाणी असली की प्रत्येकाशी ओळख होते. त्यांनी बघा ना, दोनच दिवसांत दोन गाणी वेगळी ऐकू यायला लागली.

---

जुनी_तबकडी:

हो, ते बघितलं, त्यामुळे आता जास्त ताणत नाही. पण 'रोलर कोस्टर' आजच ऐका, तेवढं एक तेरावं म्हणून धरा. आणि 'लास्ट नाइट' झोपायच्या आधी लावू नका, झोप लागत नाही.

---

सूरसंगत:

की बद्दल: शिकायला सगळे सी घ्या म्हणतात कारण धडे सगळे सी मध्ये असतात, ते चुकीचं नाही. पण तुम्हाला 'ज्यूक'च वाजवायचं असेल तर ए घ्या. मूळ रेकॉर्ड ई मध्ये आहे आणि ए च्या वाद्यावर क्रॉस हार्प धरला की सा बरोबर ई वर येतो, म्हणजे रेकॉर्ड लावून त्याच्याबरोबरच वाजवता येईल, वेगळं काही जुळवायला नको. शिवाय ए सी पेक्षा खालच्या पट्टीचं आहे, खालच्या भोकांतले बेंड त्यावर थोडे मऊ जातात असा माझा विद्यार्थ्यांचा अनुभव आहे. जुने लोक होनरचं मरीन बँड घ्यायचे, १८९६पासून येतंय, पण त्याचा आतला लाकडी भाग (त्याला कोंब म्हणतात) ओलाव्यानं फुगतो, आपल्या पावसाळ्यात जास्तच, म्हणून पहिलं वाद्य प्लास्टिकच्या कोंबचं घ्या.

पहिले काही आठवडे बेंडच्या मागे लागू नका. 'ज्यूक' ज्या छोट्या तुकड्यानं सुरू होतं, खालून वर चढणारा, तो तेवढाच घ्या आणि बिलकुल न ओढता स्वच्छ वाजवा. रेकॉर्डमध्ये तो तुकडा परत परत येतो आणि प्रत्येक वेळी ठेक्यावर त्याच जागी पडतो, तुम्हीही तिथेच पाडायचा. प्रत्येक मात्रेचे मनात तीन भाग करा, पहिला आणि तिसरा वाजतो, मधला सोडायचा, तो झोल अंगात आल्याशिवाय पुढचा सोलो सुरू करू नका. आणि श्वास पोटातून, गालांतून नाही. ट्रेमोलोवाले फुंकायला सरावलेले असतात त्यामुळे सुरुवातीला ओढून ओढून छाती भरून जाते आणि दम लागतो, तसं झालं तर नाकानं हवा सोडून द्या आणि परत घ्या. वाद्य आलं की इथेच लिहा, दुसऱ्या भोकातली ओढ बहुतेकांना आधी वाजतच नाही, त्यावर काय करायचं ते तेव्हा सांगते.